छातीचा फोटो

एकाहत्तर साली मी पुण्याहून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन गावी आलो आणि पुढचे कितीतरी महिने घरीच बसून राहिलो. आमचं गाव नेवासे तालुक्यात, सोनईपासून चार मैलांवर. गावातला मी पहिला इंजिनिअर. लोक मान द्यायचे आणि लगेच नोकरीचं विचारायचे. त्या वर्षांत इंजिनिअरांना कोणी विचारत नव्हतं. मी अर्ज करायचो, उत्तर यायचं नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. सकाळी त्यांच्यामागे विहिरीवर गेलो की ते म्हणायचे, "तू कशाला येतो? तुझं काम न्हाई हे." प्रेमानंच म्हणायचे, पण मला ते दिवसभर टोचत राहायचं.

माझ्या वर्गातले दोघे अमेरिकेला एम.एस. करायला गेले होते. त्यांच्यापैकी एकानं तिथल्या विद्यापीठाचा पत्ता पाठवला आणि मी अर्ज केला. विषय निवडला मातीच्या धरणांचा. शाळेत असताना मुळा धरणाचं काम चालू होतं. आबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून ते दाखवायला नेलं होतं. नुसत्या मातीनं एवढं पाणी कसं अडतं, हे कोडं तेव्हापासून डोक्यात होतं. बहात्तरच्या मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. एका प्रोफेसरांच्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि त्या बदल्यात फी माफ, असंही त्यात होतं. पोस्टमनसमोरच मी ते पत्र तीनदा वाचलं. आबांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो कागद पुढे कितीतरी दिवस तिथून कोणी हलवायचा नाही, असा घरात नियम झाला.

त्याच सुमारास ताई माहेरी होती. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिचं सासर शिंगणापूरचं. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला जानेवारीत मुलगी झाली होती. बाळंतपण जड गेलं होतं, म्हणून आईनं तिला पाच महिने ठेवून घेतलं. मी रिकामाच होतो. पोर सारखी माझ्याकडे असायची. संध्याकाळी ती किरकिर करायला लागली की माझ्या खांद्यावरच शांत व्हायची. ताई थट्टा करायची, "इंजिनिअर झाला अन् कामाला आला त्यो यवढाच."

विद्यापीठाच्या कागदांमध्ये आरोग्याचा एक फॉर्म होता. त्याला छातीचा फोटो जोडायचा होता. एक्सरेला आमच्याकडे तेव्हा फोटोच म्हणायचे. मे महिन्यात मी नगरला जाऊन तो काढला. दोन-तीन महिने मला थोडा खोकला होता, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पण उन्हाळ्यात कोणाला होत नाही म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. फोटो काढणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली बोट ठेवलं. तिथे कापूस पिंजून ठेवल्यासारखं काहीतरी दिसत होतं.

ते म्हणाले, "ही सावली चांगली नाही. क्षय असावा. सोमवारी थुंकी तपासायला या, औषध लगेच सुरू करावं लागेल."

मी सोमवारी येतो म्हणालो, फिल्मचं पाकीट काखेत मारलं आणि स्टँडवर आलो. एस.टी.त बसलो. क्षयाची भीती नंतर वाटली. त्या क्षणी डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. आता अमेरिका नाही, म्हणजे पुन्हा ओट्यावर बसणं, पुन्हा लोकांचं विचारणं, पुन्हा आबांच्या मागे विहिरीवर जाणं आणि परत पाठवलं जाणं. घोडेगावला पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की ही गोष्ट कोणाला सांगायची नाही.

सोमवारी मी गेलो नाही. त्याऐवजी पुण्याला गेलो. हॉस्टेलवर माझा एक मित्र अजून राहत होता, माझ्याच उंचीचा, रोज तालमीत जाणारा. त्याला मी सांगितलं की लहानपणी झालेल्या न्युमोनियाचा डाग फोटोत येतो आणि परदेशी लोक उगाच अडवतात. त्यानं फार विचार केला नाही. "नुसता फोटोच काढायचाय ना?" म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या. त्यानं माझं नाव सांगितलं, हनुवटी वर करून श्वास रोखून धरला आणि तासाभरात नवी फिल्म माझ्या हातात आली. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव माझं, आणि आतली छाती त्याची. स्वच्छ. ती मी फॉर्मसोबत पाठवून दिली. पहिली फिल्म घरी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या वह्यांच्या खाली ठेवली. फाडून टाकायचा धीर झाला नाही.

पुढे सगळं सुरळीत होत गेलं आणि त्यामुळे मी जास्तच घाबरत गेलो. पासपोर्ट आला, जुलैत मुंबईला जाऊन व्हिसा आणला, ऑगस्टच्या शेवटचं विमान ठरलं. खोकल्याचं औषध मी सोनईच्या दुकानातून आणायचो आणि गोठ्यामागे जाऊन प्यायचो. वजन उतरलं होतं. आई म्हणायची, जायच्या काळजीनं वाळला. मी मनाशी म्हणायचो, तिकडे पोचलो की दाखवीन, तिकडची औषधं चांगली असतात. हे मी रोज म्हणायचो. खोटं बोलणाऱ्या माणसाला स्वतःला तरी काहीतरी सांगावंच लागतं.

फॉर्म पाठवल्यानंतरही ताईची पोर महिनाभर माझ्या खांद्यावर होती. तिला माझ्यापासून लागेल हे माझ्या मनात आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. आलं होतं. दोन दिवस मी तिला घेतलं नाही, तेव्हा ताईनं विचारलं, "का रं, आतापासूनच परका झाला का?" आणि मी पोर उचलली. जूनमध्ये ताई सासरी गेली, तेव्हा मला मोकळं वाटलं. पण आखाडाला ती पुन्हा आली, आणि या वेळी पोर कोमेजलेली होती.

त्या वर्षी पाऊस रुसलाच होता. विहिरीनं तळ दाखवला होता. त्या धुळीत पोर खोकतेय, असं सगळ्यांना वाटलं. सोनईच्या डॉक्टरांनी आधी औषध दिलं, मग आठवडाभर इंजेक्शनं दिली. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ती अंगावर पीत नव्हती. आईनं दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, कफ आहे, वेळ लागेल. त्यांची चूक नव्हती. घरात कोणाला जुना खोकला आहे का, असं त्यांनी विचारलंही होतं. मी तिथेच ताईच्या मागे उभा होतो. ताई म्हणाली, "न्हाई, कोनाला न्हाई." मी औषधाची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेत माझा सत्कार झाला. हेडमास्तर बरंच बोलले. गावाचं नाव सातासमुद्रापार जाणार वगैरे. मला हार घातला, फेटा बांधला. आबा पहिल्या रांगेत, धुतलेल्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून बसले होते आणि लोक त्यांच्याकडे पाहतायत हे त्यांना कळत होतं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि मला खोकल्याची उबळ आली. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. टाळ्या वाजल्या.

घरी आलो तर ताई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर रडत नव्हती. तेच वाईट होतं. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी नजर वळवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कापड घ्यायचं निमित्त सांगून नगरला गेलो. तिथे मिशनच्या दवाखान्यात छातीच्या आजाराचे एक वयस्क डॉक्टर होते. दोन तास रांगेत बसलो. नंबर आल्यावर मी त्यांना विचारलं की समजा घरात एखाद्याला क्षय असेल आणि सात महिन्यांचं मूल खोकत असेल, तर ते किती धोक्याचं आहे. त्यांनी चष्मा काढला.

"समजा नको. घरात कोणाला आहे?"

"मला."

"मूल शुद्धीवर आहे?"

मी ती कशी पाहते ते सांगितलं. ते मला एका शब्दानंही रागावले नाहीत. या वयात तो आजार मेंदूत उतरतो, एवढंच म्हणाले, आणि मग, "आज घेऊन या. उद्या आणू नका."

परतीच्या एस.टी.त मी उभाच होतो. जागा असूनही बसवेना. काय शब्द वापरायचे ते जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. खरं सांगायचं तर त्या प्रवासातही एकदा असं मनात आलं, की नगरच्या डॉक्टरांनी बोलावलंय एवढंच सांगावं, कारण सांगू नये. पण डॉक्टर पहिलाच प्रश्न ताईला विचारणार होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई पडवीत रेशनचा मायलो, ती परदेशी लाल ज्वारी, निवडत होती, आबा बाजेवर होते, ताई पोरीला पदरानं वारा घालत होती. मी उंबऱ्याजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, हिला आत्ता नगरला न्यायचं. हिला क्षय असंल. माझ्यापास्नं झाला."

कोणाला काही समजलं नाही. मी ट्रंक उघडली, वह्या बाहेर काढल्या आणि पहिली फिल्म आणून ताईपुढे धरली. तिला त्यात काय कळणार होतं. तिनं फिल्मकडे पाहिलंच नाही.

"कधी कळलं तुला?"

"मे म्हयन्यात."

तिनं मनात काहीतरी मोजलं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मे, जून, मग आखाड.

"अन् तू तिला घेत हुता," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. ती उठली, पोरीला छातीशी धरून माझ्या अंगाला अंग लागणार नाही अशी वळून बाहेर गेली. आबा आधीच पायात जोडे घालत होते. सोनईत साखर कारखान्यावर जाणारी कोणाचीतरी जीप असायची. सायकलवर जाऊन ती ते घेऊन आले, आणि जनावरांपायी स्वतः घरी राहिले. पुढे ताई, आई आणि ड्रायव्हर बसले. मी मागे, जीपचं कापड उघडं टाकून, वाऱ्याकडे तोंड करून बसलो.

पोरीच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं. तिचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत आला नाही, इतकी ती क्षीण झाली होती. डॉक्टर म्हणाले, आजार छातीत आहे, मेंदूकडे निघालाय. अजून दोन-तीन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं, आताही आठ दिवस काही सांगत नाही. माझी थुंकी तपासली. तिच्यात जंतू होते. मला तिथेच मागच्या बाजूला, पुरुषांच्या वॉर्डात दाखल केलं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. मुलांच्या वॉर्डाकडे जायची मला मनाई होती. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहिलं की त्यांची खिडकी दिसायची. आई मधूनच खिडकीशी यायची आणि हातानं खूण करायची, आहे अजून. ताई कधी आली नाही. शिंगणापूरहून दाजी आले, ताईचे यजमान. ते माझ्या वॉर्डाच्या दारापर्यंत आले, मला पाहिलं आणि परत गेले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे उपकार मानले असते.

नवव्या दिवशी आईनं खिडकीतून दोन्ही हात वर केले. पोर अंगावर प्याली होती. त्याच आठवड्यात माझं विमान मुंबईहून गेलं. त्या सकाळी परिचारिका दंडाला इंजेक्शन देत होती तेव्हा मला ते आठवलं, आणि आठवून काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही.

महिनाभरानं मला घरी सोडलं. रोज एक इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या, पोटात आग पाडणाऱ्या. वर्षभर तरी चालणार होत्या. घरी मी माझं ताट-तांब्या वेगळं केलं. आई ते रोज मुकाट्यानं इतर भांड्यांत मिसळून टाकायची, मी पुन्हा वेगळं करायचो. गावात कुजबुज चालू होती. व्हिसा नाकारला, पकडला, पळून आला, काहीही. एकदा चावडीपुढे हेडमास्तरांनी आबांना सगळ्यांदेखत विचारलं की चिरंजीवांची तारीख पुढे गेली का. मी बरोबर होतो. मला वाटलं, आबा हो म्हणतील.

आबा म्हणाले, "तारीख न्हाई. त्याला क्षय हाय. त्यानं लपवला, अन् माझी नात मरता मरता वाचली. आता औषध चालू हाय." आणि मला म्हणाले, "चल."

त्या दिवसानंतर गावातली कुजबुज थांबली. काही घरांत मला बाहेरच बसवायचे, पण ते सरळ होतं.

विद्यापीठाला मी तार केली होती. मग पत्र लिहिलं. नगरच्या डॉक्टरांनी दाखला द्यायची तयारी दाखवली, पण आजाराची तारीख खरीच लिहीन म्हणाले. म्हणजे मी पाठवलेली फिल्म खोटी, हे उघड होणारच होतं. पाच दिवस मी त्या पत्राशी झगडलो. शेवटी साध्या इंग्रजीत सगळं लिहिलं, मित्राचं नाव तेवढं दिलं नाही. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. प्रवेश रद्द केला होता. खाली एक ओळ होती, की उपचार पुरे झाल्यावर पुन्हा अर्ज केल्यास तो समितीपुढे ठेवला जाईल, परंतु आश्वासन देता येत नाही. ते पत्र आबांनी देवळीत ठेवलं नाही. मीही ठेवलं नाही.

हिवाळ्यापर्यंत माझ्या थुंकीतले जंतू गेले आणि दुष्काळी कामं सुरू झाली. ज्या पदवीला कोणी विचारत नव्हतं तिला अचानक मागणी आली. पाझर तलावाच्या कामावर मला सुपरवायझर म्हणून घेतलं. हजारभर माणसं माती वाहत होती. बायका तान्ही मुलं पाटीत घालून आणायच्या आणि बाभळीच्या सावलीला ठेवायच्या. मी त्या बाजूनं कधी गेलो नाही. हजेरी घेताना तोंडावर रुमाल बांधायचो. लोकांना वाटायचं, धुळीसाठी.

त्र्याहत्तरच्या वसंतात पुन्हा अर्ज केला होता, त्याचं उत्तर जूनमध्ये आलं. त्याच प्रोफेसरांनी मला घेतलं होतं. अट एवढीच की गेल्या गेल्या तिथल्या दवाखान्यात हजर व्हायचं आणि राहिलेलं औषध त्यांच्या देखरेखीखाली घ्यायचं. हे कळल्यावर मी आधी शिंगणापूरला गेलो. वर्षभरात ताई माहेरी आली नव्हती. आबा दोनदा जाऊन आले होते. त्यांना चहा मिळाला होता, बोलणं नाही.

तिथल्या घरांना दारं नसतात. मी बाहेर थांबून हाक मारली. ताई आली. तिच्यामागे पोर भिंतीला धरून चालत होती, पायांत वाळे, अंगानं बारीक, पण नजर तीक्ष्ण. ताईनं तिला उचलून आत कोणाकडेतरी दिलं आणि परत आली.

मी सांगितलं की मी जातोय. आता माझ्यापासून कोणाला होणार नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

"तू सांगितलं म्हनून वाचली, असं आई म्हनती," ती म्हणाली. "मला रातंदिस तिच्या उशाशी बसावं लागलं. मला तसं म्हनता येत न्हाई."

"नको म्हनूस," मी म्हणालो.

ती आत गेली. मग आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मी प्यालो आणि निघालो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ते शब्द तोंडातून बाहेर पडले नाहीत, आणि बरंच झालं असं नंतर वाटलं. तिला पुन्हा काहीतरी द्यायला लावण्यासारखं झालं असतं.

अमेरिकेत मी दोन वर्षं राहिलो. पहिल्या सत्रात एका विषयात नापास झालो, दुसऱ्यात सावरलो. प्रयोगशाळेत मातीचे गोळे दाबून ते किती भार सोसतात ते मोजायचो. खोलीवर आलो की आईच्या नावानं आबांनी लिहवून घेतलेली पत्रं वाचायचो. त्यांत सगळ्यांची खुशाली असायची, ताईची एका ओळीत. रविवारी बर्फात सगळं बंद असायचं तेव्हा मी आठवडाभर कोणाशी मराठीत बोललो नाही हे लक्षात यायचं आणि मोठ्यानं मराठीत आकडे म्हणत बसायचो. एम.एस. झालं. पंचाहत्तरमध्ये परत आलो आणि पाटबंधारे खात्यात लागलो. पुढची सगळी नोकरी मातीच्या बांधांवरच गेली.

ताईशी बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. कोणी समेट केला नाही. सण आले, आबांचं आजारपण आलं, आणि आम्ही बोलायला लागलो. ती पोर आता स्वतः आजी झाली आहे. लहानपणी आपण आजारी होतो आणि त्याच वेळी मामाही आजारी होता, एवढं तिला माहीत आहे. आपल्या दोघांना तो आजार धुळीनं झाला असावा, असं ती एकदा हसत म्हणाली. ताई तेव्हा शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ताई गेल्यालाही आता काही वर्षं झाली. सांगायला कोणाची हरकत उरलेली नाही, आणि तरी दर दिवाळीला भाची येते, जेवते, डबा बांधून घेऊन जाते आणि मी बोलत नाही.